मोठ्यांचं रानशिबिर: पोरांना घेऊन मागे कधी वळायचं, हे कसं शिकवायचं?

माळरान | 3 नोव्हेंबर, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिक्षक आहे. सहा वर्षं झाली, शाळेचं स्काऊट पथक माझ्याकडे आहे. बेसिक कोर्स रीतसर केलाय, सात दिवसांचा. तिथं तंबू उभारला, गाठी शिकलो, ध्वजाची शिस्त शिकलो, रात्री शेकोटी केली. शिकवणारी माणसं मनापासून शिकवत होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट मी तिथून घेऊन आलो नाही, आणि ती नसली की काय होतं ते या ऑक्टोबरात कळलं.

परतीचा पाऊस पुरता गेला नव्हता. 23 पोरं, मी आणि एक सहकारी, जांबोटीच्या बाजूला एका धबधब्यापर्यंत चालत निघालो. सकाळी आठला निघून एकपर्यंत गावात परत, असं घरच्यांना सांगितलं होतं. साडेबारा झाले तरी धबधबा यायचा होता. पोरं म्हणाली, सर आता आलाच की. मीही म्हणालो, अजून पंधरा मिनिटं. चोर्ला घाटाच्या अंगाला आभाळ भरलेलं दिसत होतं. तेवढ्यात आठवीतला एक पॅट्रोल लीडर, म्हणजे पोरांच्या तुकडीचा नायक, जवळ आला. त्याच्या घरी म्हशी आहेत. हळूच म्हणाला, "सर, म्हशी खाली उतराय लागल्यात." मी वर बघितलं. खरंच, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ माळावर, चरणारी म्हसरं भर दुपारी एकामागं एक उताराला लागली होती, हाकणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "असू दे रे, चल."

वीस मिनिटांत वीज कडाडली. आम्ही धबधबा न बघताच वळलो, पण तोवर उशीर झाला होता. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा मांडीपर्यंत चढला होता. तांबडं पाणी, त्यात पाचोळा, काटक्या. आम्ही अलीकडेच थांबलो, एवढं एक शहाणपण केलं. दोन तासांवर पोरं दप्तरांवर उकिडवी बसून होती, मी दर पाच मिनिटांनी मोजत होतो. 23. 23. मग 22. एक पोरगं वाहून चाललेली चप्पल धरायला काठानं खाली गेलं होतं. तीन मिनिटांत सापडलं. ती तीन मिनिटं मला अजून झोपू देत नाहीत.

संध्याकाळी सातला सगळे घरी पोचले. एकाचे वडील एवढंच म्हणाले, "पोरगं आलं न्हवं सर, झालं तर मग." त्यांनी रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता मुद्दा. आजूबाजूच्या सहा शाळांतले स्काऊट मास्तर, मुलींच्या पथकांच्या गाईड कॅप्टन, दोन-तीन माजी विद्यार्थी आणि मदतीला येणाऱ्या काही आया, अशा वीसेक मोठ्या माणसांचं दोन दिवस एक रात्र रानालगत शिबिर घ्यायचं ठरवतोय. पोरं नाहीत, फक्त मोठे. गाठी सगळ्यांना येतात. मला शिकवायचंय ते वेगळं: पुढे जायचं की वळायचं हे कसं ठरवायचं, आणि पोरानं सांगितलं तर ऐकायचं कसं. हे शिकवता येतं का? कुणी शिकवलंय का?

जुना_रोव्हर | 3 नोव्हेंबर, रात्री 11:20

सर, आधी एक सांगतो. तुम्ही ओढ्यात पोरं घातली नाहीत. मनाला लावून घ्या, पण तेवढंही लक्षात ठेवा.

मी हिमालय वुड बॅज, म्हणजे स्काऊट मास्तरांचा वरचा कोर्स, केला त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. आपली पद्धत नीट बघा: बेसिक झाल्यावर लगेच पुढचा कोर्स देत नाहीत, मध्ये पथक चालवावं लागतं. खरं शिक्षण त्या मधल्या काळातच होतं. अडचण अशी की त्या काळात नवख्या मास्तरासोबत जाणतं माणूस कुणी नसतं. कोर्सात तुम्ही शिकाऊ, शाळेत परतलात की एकदम सर्वेसर्वा. तुमचं शिबिर ही मधली जागा भरू शकतं.

कसं शिकवायचं? मोठ्यांचं पॅट्रोल करा. सहा-सात जणांचं एक, तीन पॅट्रोल. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या ब्राउन्सी बेटावर स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनी वीसेक मुलं चार तुकड्यांत वाटली आणि प्रत्येक तुकडीचा कारभार तिच्यातल्याच एका मुलाकडे दिला. 1919 ला इंग्लंडातच गिलवेलला मोठ्यांसाठी पहिला वुड बॅज कोर्स झाला तेव्हा मोठ्यांनाही तसंच तुकडीत राहायला लावलं. कारण साधं आहे. ज्याला स्वतःला कधी तुकडीतला सहावा माणूस म्हणून चालायला लागलं नाही, त्याला सहाव्या पोराचं काय होतं ते समजत नाही. पुढचा पाणी प्यायला थांबतो, सहावा धापा टाकत पोचतो, आणि तो टेकतोय तोवर पुढचे उठतात. त्याला विसावा मिळतच नाही. हे सांगून कळत नाही, सहावं चालूनच कळतं.

दर तीन तासांनी नायक बदला. मुख्याध्यापकांना सहाव्या जागी घाला आणि माजी विद्यार्थ्याला नायक करा. मग बघा, "ऐकायचं कसं" हा तुमचा दुसरा प्रश्न आपोआप उभा राहील.

पहिल्यासाठी मी लिफाफा वापरायचो. सकाळी निघताना नायकानं स्वतःच्या हातानं कागदावर लिहायचं: कुठं चाललोय, कुठल्या वाटेनं, किती जण, आणि परतीची वेळ. परतीची वेळ म्हणजे पोचायची वेळ नव्हे, जिथं असू तिथून वळायची वेळ. तो कागद गावातल्या दुकानदाराकडे किंवा पोलीस पाटलाकडे ठेवायचा. बरोबर एक बंद लिफाफा द्यायचा, ठरल्या वेळी उघडायचा. आत लिहिलेलं असतं: "तुमच्यातल्या एकाचा पाय मुरगळलाय, चालता येत नाही." किंवा "पाणी संपलंय." पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं. शिकवणारा मागून चालतो आणि तोंड उघडत नाही. सगळ्यात अवघड हेच, तोंड न उघडणं.

रोखठोक | 4 नोव्हेंबर, सकाळी 7:05

सगळं वाचलं. खरं सांगू? एवढी भीती घातलीत तर कुठलाच मास्तर पोरांना शाळेच्या आवाराबाहेर काढणार नाही. आधीच पालक सोडत नाहीत, मुख्याध्यापक सही करत नाहीत. आम्ही लहानपणी राजहंसगडावर एकटे जायचो, पडायचो, घरी यायचो. आजच्या पोरांच्या हातात फोन आहे, त्यांना रान दाखवायला हवं. नियमांचं ओझं वाढलं की रान सुटतं, हे मी दोन शाळांत बघितलंय.

जुना_रोव्हर | 4 नोव्हेंबर, सकाळी 8:30

पटतंय. म्हणूनच मी नियमांची यादी दिली नाही. पोरांना भात करपवू दे, वाट चुकू दे, तंबू रात्री अंगावर पडू दे, त्यातून ती शिकतात. मोठ्या माणसाला दोनच गोष्टी ठाऊक हव्यात. कुठली चूक पोराला करू द्यायची आणि कुठली नाही. करपलेला भात पहिल्यातला, चढलेला ओढा दुसऱ्यातला. या दोन ओळखणारा मास्तर तयार झाला की तोच पोरांना जास्त वेळा बाहेर नेतो, कारण त्याचा स्वतःवर भरवसा बसलेला असतो. घाबरलेला मास्तर शिट्टी वाजवत पोरांना रांगेत चालवतो आणि रान दाखवल्याचं समाधान मानतो.

कणकुंबीकर | 4 नोव्हेंबर, दुपारी 1:15

सर, तुमी शिबिर कुठं घेणार ते आधी ठरवा. भीमगडाच्या अभयारण्यात शिरायचा विचार आसंल तर सोडून द्या. 2011 पासनं ते अभयारण्य हाय, वनखात्याच्या परवानगीबिगर आत पाऊल टाकायचं न्हाई, आणि रातचं मुक्काम तर न्हाईच. आमच्याकडं अस्वलं हाईत. पहाटं आणि दिवेलागणीला त्येंचं फिरणं लई. गप गप चालत गेलात आणि वळणावर गाठ पडली तर ते भिऊन अंगावर येतंय. बोलत, काठी आपटत चालायचं, आमी तेच करतो.

गावालगतचं शाळंचं पटांगण बघा. एका बाजूला रान, एका बाजूला गाव. शिकाय रान मिळतंय, रातचं गाव हाताशी. आणि गावातलं एक जाणतं माणूस वाटंला बरोबर घ्या. त्येला दिवसाची मजुरी द्या, फुकट नको. पण तो सांगंल ते ऐका. "आता फिरा" म्हटला की फिरायचं.

म्हशीचं वाचून बरं वाटलं. आमची म्हातारी माणसं तेच बघून आभाळ वळखायची.

आणि सुगी बघून तारीख धरा. नोव्हेंबरात भातकापणी, मळणी, कोण येणार तुमच्याकडं?

निपाणी_पायवाट | 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:40

मी स्काऊटमधला नाही, बारा वर्षं ट्रेकिंग करतोय. वेळेच्या हिशेबाबद्दल लिहितो, कारण माळरान सरांची गडबड तिथंच झाली असं मला वाटतं. आठला निघून एकला परत, हा हिशेब कशावरून केला होता?

विल्यम नैस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात. सपाटीला 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा एका बाजूनं 6 किलोमीटर वाट आणि 300 मीटर चढ. तर 1 तास 12 मिनिटं अधिक अर्धा तास, म्हणजे पावणेदोन तासांच्या आत. पण हा हिशेब धडधाकट मोठ्या माणसाचा, न थांबता. 23 पोरं, त्यात पाचवीतली, लघवीला थांबणं, चपलेचा बंद तुटणं, सरळ दुप्पट धरा. साडेतीन तास, फक्त जायला. आठला निघालात तर साडेअकरा. तिथं अर्धा तास आणि परत तीन तास. एकला गावात येणं कागदावरच बसत नव्हतं.

हे शिबिरात नकाशावर करून घ्या. सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशात 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर, आणि समोच्च रेषांमधला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला, उंचीचा फरक 20 मीटर. दोरा घ्या, वाटेवर वळणांसकट ठेवा, मग पट्टीवर सरळ करून मोजा. किती रेषा ओलांडल्या ते मोजून चढ काढा. दहा मिनिटांचं काम. फोनवरचं अंतर कित्येकदा सरळ रेषेतलं असतं आणि मग फसगत होते.

विजेचं सांगतो. चमकलेली दिसली की सेकंद मोजा. आवाज 3 सेकंदांत साधारण 1 किलोमीटर येतो. 30 च्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे, तुमच्यावर पडू शकते. तेव्हा ताबडतोब सडा सोडायचा, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. घर जवळ नसेल तर एकट्या झाडाखाली जायचं नाही, पोरांना घोळक्यात ठेवायचं नाही, एकेकाला अंतरावर पाय जुळवून उकिडवं बसवायचं. पण तो नाइलाज आहे, उघड्यावर सुरक्षित जागा कुठलीच नसते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते जवळपासच्या विजेची सूचना देतं. रेंज असेल तिथंच ते चालणार, म्हणून सकाळी निघतानाच बघायचं.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध. रात्रीची चाल ठेवू नका. मोठ्यांच्या शिबिरात ती हमखास कुणीतरी सुचवतं. मजा येते, शिकायला काही मिळत नाही.

परिचारिका | 5 नोव्हेंबर, रात्री 10:10

तालुक्यातच नोकरी करते, म्हणून लिहायला बसले. प्रथमोपचार म्हणजे पट्टी बांधणं, असं स्काऊटच्या लोकांनी धरून ठेवलंय. त्रिकोणी पट्टी सगळ्यांना सुरेख बांधता येते. फोनवर नीट सांगता मात्र येत नाही. 108 ला फोन लावला की पहिला प्रश्न येतो, कुठं आहात. तिथं माणूस अडखळतो. "जंगलात, ओढ्याजवळ" म्हणून गाडी येत नाही. गाव कुठलं, पक्का रस्ता कुठवर, गाडी कुठवर येऊ शकते, तिथं हातात कापड घेऊन कोण उभं राहणार, हे सांगता आलं पाहिजे. शिबिरात प्रत्येकाकडून हे बोलून घ्या, एकानं फोन घेणाऱ्याचं काम करून. आणि रेंज कुठल्या टेकाडावर येते ते आदल्या दिवशी जाऊन बघून ठेवा.

साप चावला तर. अंगठी, जोडवी, बांगड्या लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय काठी लावून हलणार नाही असा ठेवा. आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका. सापाच्या मागं लागू नका. आपल्याकडचं सापाच्या विषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं, तेव्हा साप पकडून आणायची गरज नाही. शिबिराच्या आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, औषध आत्ता आहे का, रात्री डॉक्टर असतात का. नसतील तर कुठं न्यायचं ते आधी ठरलेलं असू दे. मांत्रिकाकडं घालवलेला तासभर पुढं कशानं भरून येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गोचिडीचं कुणीच लिहिलं नाही. माकडताप 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्या चोर्ल्याच्या पलीकडं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात 2015 ला आणि दोडामार्गात 2016 ला त्याचे रुग्ण निघाले. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. तो गोचिडीच्या पिल्लांमुळं पसरतो आणि ही पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर न बसणं, परतल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर तिथून लांब व्हा, हात लावू नका आणि आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या आठ-दहा दिवसांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे आधी सांगा. पालकांना देण्याच्या कागदावर हे एक वाक्य छापाच.

माळरान | 5 नोव्हेंबर, रात्री 11:00

ताई, पाचोळ्यावर बसण्याचं वाचून थबकलो. आम्ही प्रत्येक जेवणाची सुट्टी पाचोळ्यावरच घेतो. निपाणीकर, हिशेब कशावरूनच केला नव्हता. "मागच्या वर्षी गेलो होतो" एवढ्यावर केला होता, आणि मागच्या वर्षी सोबत नववीची दहा पोरं होती.

कॅप्टन_बाई | 6 नोव्हेंबर, दुपारी 3:30

मी गाईड कॅप्टन आहे, आठ वर्षं. सर, तुमच्या वीस जणांत बायका किती येणार? मला वाटतं तुम्ही सात-आठ धरल्या असाल आणि येतील तीन. आपल्या भागातल्या शिक्षिका शिबिराला का येत नाहीत याचं उत्तर सगळे "घर, मुलं" असं देतात. ते आहेच. पण दुसरं कारण कुणी बोलत नाही. एका प्रशिक्षणाला मी गेले होते तिथं चाळीस बायकांना एक संडास, आणि त्याला कडी नव्हती. दोघी-दोघी जायचो, एकीनं दार धरायचं. पाळी आलेली एक बाई दुसऱ्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून घरी गेली. तिनं परत कधी गाईडचं काम घेतलं नाही. चांगली बाई होती, मुलींना जीव लावणारी.

तेव्हा शिबिराची पहिली तयारी म्हणजे संडास. शाळेचा असेल तर आधी बघून या, कडी, पाणी, झाकणाची बादली. नसेल तर चर खणा, पाण्यापासून किमान 60 मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला, भोवती ताडपत्री, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. हे खणण्याचं काम शिबिरातल्या सगळ्यांनी करायचं, शिपायानं नव्हे. बेळगावला 1924 चं काँग्रेस अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते, तेव्हा स्वच्छतेचं काम काका कालेलकरांनी अंगावर घेतलं होतं आणि सुशिक्षित स्वयंसेवक संडास साफ करत होते. आपल्या गावाला तो वारसा आहे.

दुसरं, एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत किंवा मुलीसोबत राहायचं नाही. तंबूत नाही, वाटेवर नाही, गाडीत नाही. कायम दोन मोठे, मुली असतील तर त्यात एक बाई. जागतिक स्काऊट संघटनेनं "सेफ फ्रॉम हार्म" या नावानं हा विषय सगळ्या देशांसमोर ठेवलाय. आपल्याकडे तो शेवटच्या दिवशी पाच मिनिटांत उरकतात. तुम्ही पहिल्या दिवशी सकाळी घ्या, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोला.

जुना_रोव्हर | 6 नोव्हेंबर, दुपारी 4:15

बाई, अगदी बरोबर. त्याच अधिवेशनात डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलानं स्वयंसेवक उभे केले होते. हुबळीचे डॉक्टर, पुढं घटप्रभेला त्यांनी आरोग्यधाम काढलं. स्वयंसेवकाला आधी शिकवायचं आणि मग कामावर उभं करायचं, ही या मातीतली जुनी रीत आहे.

आई_दोघांची | 6 नोव्हेंबर, रात्री 8:45

पालक म्हणून एकच. आम्हाला संमतीपत्रावर "सर्व जबाबदारी पालकांची" असं छापलेलं येतं. ते वाचून पोटात गोळा येतो. त्याऐवजी लिहा: कोण कोण मोठे आहेत, कुठं जाणार, वळणार किती वाजता, उशीर झाला तर आम्हाला कळवणार कोण. मी त्याच दिवशी सही करीन.

हुक्केरी_गुरुजी | 7 नोव्हेंबर, सकाळी 9:20

आमच्याकडून तीन जण येतील, आम्ही कन्नड शाळेतले. मला मराठी चांगलं येतं, दोघांना कळतं पण बोलता येत नाही. चालेल का? माझ्या बेसिक कोर्साला उलट झालं होतं, शेजारी एक मराठी शिक्षक बसायचे, मी त्यांना हळू आवाजात सांगायचो, गाठी ते मला शिकवायचे.

एक सुचवतो. धोक्याचे शब्द दोन्ही भाषांत एकाच कागदावर घ्या. थांबा, निल्ली. मागे, हिंदे. ओढा, हळ्ळ. कोसळणारी वीज, सिडिलु. गोचीड, उण्णे. सीमेवरच्या शाळांत दोन्ही घरची पोरं असतात, आणि घाबरलेल्या पोराला फक्त आईची भाषा ऐकू येते.

माळरान | 7 नोव्हेंबर, रात्री 9:00

गुरुजी, चालेल कसलं, याच. तो कागद तुम्ही आणि मी मिळून करू.

माळरान | 9 डिसेंबर, रात्री 10:30

शिबिर झालं. गेला शनिवार-रविवार. 19 जण, त्यात बायका सात. कॅप्टन बाई शुक्रवारीच येऊन संडासाला नवी कडी बसवून गेल्या होत्या, त्याबद्दल सगळ्यांदेखत आभार.

सगळं लिहीत नाही, दोन-तीन गोष्टी लिहितो.

पहिल्या दिवशी दुपारी दोन काठ्या आणि दोन शर्टांचं स्ट्रेचर केलं. शर्टाच्या बाह्या आत उलटवायच्या, बटणं लावायची, दोन्ही काठ्या बाह्यांतून घालायच्या. पुस्तकात दोन मिनिटांचं काम. आम्ही त्यावर खरोखर माणूस घालून पटांगणाबाहेर बांधावरून चारशे पावलं नेलं. दीडशेव्या पावलाला एका शर्टाची बटणं तुटली. तिनशेव्याला उचलणाऱ्या चौघांपैकी एकाच्या हाताला फोड आला. बांधाच्या चढावर वरच्या माणसाचं डोकं खाली आणि पाय वर झाले, आणि तो म्हणाला, मला उतरवा. तेव्हा सगळ्यांना कळलं की पाय मुरगळलेल्या माणसाला दोन किलोमीटर आणणं सहा जणांच्या आवाक्यातलं नाही. मग निर्णय काय? दोघांनी गावाकडे जायचं, बाकीच्यांनी त्याच्याजवळ थांबायचं. हे सगळं त्यांनीच बोलून काढलं. मी आणि जुने रोव्हर काका लांब दगडावर बसून होतो. काकांनी माझा हात धरून ठेवला होता, मी बोलू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी चाल. तीन पॅट्रोल, तीन कागद, दुकानात ठेवलेले. परतीची वेळ प्रत्येकानं आपापली ठरवली होती, दोघांनी 12, एकानं 12:30. वाटेच्या टोकाला एक छोटं देऊळ. पहिलं पॅट्रोल 11:40 ला पोचलं. दुसऱ्याची नायिका एक आई होती, तिचा मुलगा माझ्याच पथकात आहे. 12 वाजले तेव्हा ते देवळाच्या पायऱ्यांपासून जेमतेम दहा मिनिटांवर होते, कळस दिसत होता. त्यांच्यात एक मुख्याध्यापक होते, सहाव्या जागी. ते म्हणाले, "आलोच की, बाई." ती थांबली. कागदाकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. म्हणाली, "सर, मी लिहून दिलंय." आणि वळली. कुणी बोललं नाही, परतीची अर्धी वाट सगळे गप्प होते. मला माझी पंधरा मिनिटं आठवत होती, आणि ती माझ्या दुप्पट धीराची आहे असं वाटत होतं. ते मी संध्याकाळी सगळ्यांसमोर तिला सांगितलं.

तिसरं पॅट्रोल पुढे गेलं, देऊळ बघितलं, आणि परतताना त्यांच्या लिफाफ्यातलं "पाणी संपलंय" निघालं. 50 मिनिटं उशिरा आले. दुकानदारानं कागद वाचून स्वतःहून मला फोन केला, ही त्यातली मोठी गोष्ट. आम्ही त्याला फक्त कागद सांभाळायला सांगितला होता.

भात करपला. मुगाची आमटी चांगली झाली होती.

निपाणीकरांच्या सांगण्याप्रमाणे रात्रीची चाल ठेवली नाही. त्या वेळात हुक्केरीच्या गुरुजींनी दोन भाषांचा कागद सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेतला. चुकलं म्हणाल तर एक: गोचिडीसाठी कपडे उकळायचं रविवारी घरी गेल्यावर निम्मे जण विसरले. ताई, पुढच्या वेळी हे निघण्याआधी सांगायला हवं, आल्या आल्या नव्हे.

परिचारिका | 9 डिसेंबर, रात्री 11:15

20 तारखेपर्यंत कुणालाही ताप आला तर मला कळवा. रोज विचारत राहा, माणसं सांगत नाहीत.

रोखठोक | 10 डिसेंबर, सकाळी 7:40

मी आलो होतो, तिसऱ्या पॅट्रोलात. देऊळ बघायला आपण का गेलो हे परतताना आम्ही तासभर बोलत होतो. पुढच्या शिबिराला माझ्या शाळेचं पटांगण घ्या. गावातल्या माणसाची सोय मी करतो.

कणकुंबीकर | 10 डिसेंबर, दुपारी 12:50

आमच्या वाटाड्याला मजुरी वेळंवर मिळाली, सांगत होता. पोरांना कधी नेणार सर?

माळरान | 10 डिसेंबर, रात्री 9:15

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. त्याच धबधब्याला, त्याच वाटेनं. 18 पोरं, मोठे चार. नायक तो आठवीतला. आज त्याच्याकडून कागद लिहून घेतला. वाट, माणसं, सगळं लिहिलं आणि परतीच्या वेळेच्या जागी त्यानं लिहिलंय: "साडेअकरा. म्हशी आधी उतरल्या तर आधी." मी ते तसंच राहू दिलं.

निपाणी_पायवाट | 10 डिसेंबर, रात्री 9:40

हिशेब दोऱ्यानं केला का? आणि ओढ्यावर दोर किती नेणार?

माळरान | 10 डिसेंबर, रात्री 10:05

दोऱ्यानं, दोनदा. एका बाजूनं 5 किलोमीटर आणि 160 मीटर चढ, दुप्पट धरून अडीच तासांच्या जरा वर. साडेसातला निघतोय, पोचायला दहा. दोर 30 मीटरचा आहे, पण तो ओढा ओलांडायला नाही. पाणी सगळ्यात लहान पोराच्या गुडघ्याच्या वर दिसलं तर अलीकडेच बसून डबे खायचे, असं त्या पोरांनीच ठरवलंय.